हद्दीपलीकडचं बारसं

म्हसोबाचं वळण आलं आणि द्वारकाबाईंच्या हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं. जीपवाल्या इकबालने आरशात पाहून गाडी कडेला घेतली.

"मावशी, हद्द संपली. पुढं नाही नेणार मी."

"ने रे. नातीचं बारसं आहे."

"आणि वाटेत काही झालं तर?"

द्वारकाबाईंच्या स्वतःच्या प्लेटलेट्स जन्मापासून कुचकामी. रक्त गोठवायचं काम अंगात सोडलेल्या कृत्रिम प्लेटलेट्स करायच्या, पण त्या फक्त आपल्या रुग्णालयाच्या मनोऱ्याचं ऐकत. त्याची हद्द सुटली की त्या झोपी जात. घाटाखालचा मनोरा दुसऱ्या रुग्णालयाचा होता, आणि एकदा अंगात गेलेल्या प्लेटलेट्स मालक बदलत नसत.

पदराने ओठ पुसून त्यांनी नातीसाठी केलेले सोन्याचे डूल इकबालच्या हातात ठेवले. "एवढे तरी पोचव बाबा."

तेवढ्यात त्यांच्या लेकीचा, नंदाचा फोन आला.

"आई, घाबरू नकोस. सकाळी सोनाराने कान टोचले आणि बाळाचं रक्त थांबेचना. तुझाच आजार निघाला गं. पण डॉक्टरांनी लगेच प्लेटलेट्स घातल्या. आता छान झोपलीय."

"कुठल्या मनोऱ्याच्या?"



"इथल्याच, आई," नंदा हळूच म्हणाली.

फोन ठेवला तरी द्वारकाबाई दरीकडेच बघत राहिल्या. इकबालला त्यांची दया आली. डूल खिशात जपून ठेवत तो म्हणाला, "मावशी, जीव का जाळताय? दिवाळीला पोरगीच येईल की आजोळी."

द्वारकाबाईंनी तोंडात साचलेलं रक्त गिळलं आणि होकारार्थी मान हलवली.