टिचकी

नूपुरने 'अ' बरणीवर नखाने टिचकी मारली. गप्पी माशांची पिल्लं जागची हलली नाहीत.

तिने पुन्हा मारली. सगळ्यांचे कल्ले हलत होते, पण एकही पिल्लू वळलं नाही.

'ब' आणि 'क' बरण्यांत तिनेच शिसं घातलं होतं. तिथली पिल्लं दचकायचं विसरली तर नवल नव्हतं, प्रयोगच तो होता. पण तुलनेसाठी ठेवलेल्या 'अ'मध्ये नुसतं स्वच्छ पाणी. परळच्या प्रयोगशाळेतल्या नळाला क्लोरीन फार, म्हणून ती घोडपदेवहून, राहत्या चाळीतल्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणायची. बंद गिरणीच्या रंगखात्यामागची ती विहीर भर मे महिन्यातही आटत नसे, आणि चाळीला तिचा कोण अभिमान.

उद्या सर प्रयोग तपासायला येणार होते. वर्षभराची मेहनत या एका बरणीवर उभी होती.

"बरण्या तू बदलल्यास?" तिने सोबत काम करणाऱ्या हितेंद्रला विचारलं.

"आईशप्पथ, हात नाही लावला. चिठ्ठ्या तुझ्याच अक्षरात आहेत, बघ. आणि पाण्याचा रिपोर्ट आलाय. 'अ'मध्ये पण शिसं दाखवतंय."

"म्हणजे तूच सांडलंस. मान्य कर ना."

हितेंद्रचं तोंड एवढंसं झालं. नूपुरला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

रिकामा कॅन घेऊन ती तणतणत घरी आली. आता नवं पाणी, नवी पिल्लं, सगळं पहिल्यापासून. सहा महिन्यांचा नील पाळण्यात निवांत पडला होता. पोर इतकं शांत, म्हणून तर तिला दिवसभर बाहेर राहता येत होतं.

"आज हातातसून परात पडली गो," सासूबाई, गंगुबाई, कौतुकाने सांगू लागल्या. "अख्खी चाळ दचकली. ह्यो मातर ढिम्म. गुणाचो माझो नातू."

"आई, पिंपातलं विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून द्या ना."

"थांब गो, आधी नीलच्या दुधाचा पाणी उकळूक ठेवतंय." गंगुबाईंनी त्याच पिंपात तांब्या बुडवला.

नूपुर जागीच थांबली. मग पाळण्यापाशी गेली आणि नीलच्या कानाजवळ, लाकडी दांड्यावर, नखाने टिचकी मारली.