नवा सायलेन्सर

धान घरात आलं, की हिवाळाभर कुरखेड्याकडच्या एका गावात रंजीताच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागे. यंदा त्या रांगेत वर तोंड करून तिचा नवरा धनराज उभा होता. तिला टाकून त्याने करिश्माला घरात आणलं होतं.

“असा सायलेन्सर बसव, का पुऱ्या गावाले आयकू गेला पायजे.”

सहा वर्षांच्या संसारात त्याची गाडी कुणाच्या दारात थांबते, हे रंजीताला कधी ऐकूच आलं नव्हतं. तिने अगदी मन लावून काम केलं.

पंधरवड्याने करिश्मा आली, डोळे सुजवून. “बाई, जुनाच लावून द्या. रोज कोनाच्या दारात गाडी बंद होते, ते मले चुलीपाशी आयकू येते.”



“जुना तं मीनं त्याच दिवशी भंगारात देल्ला,” रंजीता पाना पुसत म्हणाली.