जैतूची करवंटी

जैतूची करवंटी तेवढी उगवली नव्हती.

बालवाडीच्या पडवीत करवंट्यांची रांग होती. बी कसं रुजतं ते पोरांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून द्वारकाबाईंनी त्यांच्याच हातांनी वाल पेरून घेतले होते. प्रत्येकाची करवंटी वेगळी. "हा वाल म्हणजे तूच हो. पाणी घाल, दोघं वाढाल," असं त्या प्रत्येकाला लाडाने म्हणाल्या होत्या. त्यांची स्वतःची कमळूही त्याच पोरांत बसायची. म्हसा गावाहून रोज आईचं बोट धरून वाडीत यायची.

मग नवसूचं बी रुजलं नाही, आणि नवसू तापाने गेला. सगळी वाडी करवंट्यांकडे चोरून बघू लागली. बाई घरोघर सांगत फिरल्या, की ताप घाण पाण्याने आला होता, बी किडकं होतं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. बायका मुकाट ऐकून घेत. संध्याकाळी कुणी ना कुणी पडवीत वाकून जाई.

आता जैतूच्या अंगात तापाची कसर होती, आणि उरलेल्या पोरांत फक्त त्याचंच बी रुजलं नव्हतं.

आज सकाळी बाई आल्या, तर जैतूच्या करवंटीत हिरवा कोंब. भोवतीची माती नुकतीच दाबलेली. शेजारची कमळूची करवंटी रिकामी. पडवीच्या कडेला जैतूची आई बुधी उभी होती.

"मीच घेतला," बुधी म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा कसा घेऊ? त्यांच्या आयांचा जीव जायचा. तुमी तं यातलं काय मानत नाय ना, बाई."

बाईंना राग आला नाही. उलट, कुणीतरी आपलं बोलणं खरं धरलं म्हणून त्यांना भरून आलं. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "जा, पोराजवळ बस."

बुधी डोळे पुसत गेली.

कमळू पडवीच्या मेढीला टेकून बसली होती. एरवी ती आल्या आल्या अंगणात हुंदडायची.

"आई, थंडी वाजते," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला लावला. अंग तापलंय की चालून आल्याने गरम लागतंय, ते त्यांना कळेना.

त्यांनी वाटेकडे पाहिलं. बुधी दिसेनाशी झाली होती. बाई जैतूच्या करवंटीपुढे बसल्या आणि कोंबाभोवतीची माती हलक्या बोटांनी उकरू लागल्या.