ट्रंकेवर घडीभर

तीस वर्षं रिम्मानं शाळेत मुलींना कादंबऱ्यांतलं प्रेम शिकवलं: पत्रं, द्वंद्वयुद्धं, बर्फातले निरोप. घरी मात्र नवऱ्यानं, चुली बांधणाऱ्या येफिमनं, प्रेमाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. निवृत्त होताच ती वैतागून कायमची बहिणीकडे निघाली. प्रवासाआधी सामानावर घडीभर गप्प बसायचं, मग वयानं मोठं असेल त्यानं आधी उठायचं, ही तिकडची रीत. दोघं पुस्तकांनी भरलेल्या ट्रंकेवर टेकले. “ऊठ, गाडी येईल,” ती म्हणाली. “तूच ऊठ. दोन महिन्यांनी तू मोठी आहेस.” “चाळीस वर्षांत आज आठवलं होय?” येफिमनं ट्रंकेची कडी मुठीत आवळली. बाहेर बसचा हॉर्न दोनदा वाजला आणि गाडी गेली. ट्रंकेतल्या एकाही कादंबरीत कुणी असं बसून राहिलं नव्हतं. “चहा ठेवू?” त्यानं विचारलं. “गप्प बैस,” रिम्मा म्हणाली, “रीत अजून पुरी व्हायचीय.”