जनाचं वजन

"मुलीचं नाव जना. वय तीन. सुकडी रोज मिळते. सहा महिन्यांत वजन दीड किलोनं वाढलं." पुण्याहून तपासणीला आलेल्या परांजपेबाईंनी फॉर्म वाचून मान वर केली. "बरोबर ना?"

जनाची आई हिरू उंबऱ्यात उभी होती.

सहदेव बाईंच्या मागे उभा. सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या पौष्टिक पिठानं पोरांच्या अंगी काही लागलं का, ते घरोघर जाऊन विचारायचं, ही त्याची एकोणऐंशी सालातली नोकरी. या वस्तीवर यायचं तर ओढा ओलांडून तासभराचा चढ. म्हणून इथले वीसही फॉर्म त्यानं खालापूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून भरले होते. नावं बालवाडीच्या यादीतली, वजनं मनची. कुणाला एक किलो, कुणाला दीड. आज सकाळी बाईंनी गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढला आणि म्हणाल्या, "चला, या घरी जाऊ."

"किती वाढलं म्हनलात?" हिरूनं विचारलं.

"दीड किलो."

"परत वाचा की, बाई."

बाईंनी परत वाचलं. हिरू डोळे मिटून ऐकत राहिली.

शेजारच्या ओट्यावरची म्हातारी हळूच म्हणाली, "आखाडात गेली वो ती पोर."

सहदेवाचे कान तापले. यादी जुनी होती, असं सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं. पण हिरू त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता.

"दादा, तुमी कवा बघितलीत तिला?"

"नाय बघितली," तो म्हणाला. ऑफिसात लागल्यापासून सोडलेली बोली आपोआप तोंडात आली. "मी हितं आलोच नवतो."

परांजपेबाईंनी फॉर्म त्याच्या हातात दिला. त्यानं लिहिलेलं सगळं खोडलं, अंगणात बसकण मारली आणि मान वर न करता विचारलं, "सुकडी मिळायची का तिला?"

हिरू सांगू लागली. ओढ्याला पाणी चढलं की सुकडी पल्याडच राहायची. एकदा तर बावीस दिवस. जनाला ती पाण्यात कालवून आवडायची. चाटून झाली की वाटी डोक्यावर उपडी घालायची आणि हसायची.

हिरू बोलत राहिली, सहदेव लिहीत राहिला. रकाना दोन बोटांचा. तो भरला, तेव्हा त्यानं कागद उलटा केला.