टिकणारा गिझर

राधेश्यामच्या आईला दमा होता. चुलीच्या धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा घरच्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला तो गिझर बघू लागला.

"आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार लई हायेत, आई. साध्या गिझरची कॉइल वर्षात जळते. जरा थांब, टिकणारा बघून राह्यलो."

दोन हिवाळे तो बघतच राहिला. आई चूल फुंकत राहिली.

गिझर बसला तेव्हा ती दवाखान्यात होती. तिथून तिचं मयतच घरी आलं.

तिच्या शेवटच्या आंघोळीसाठी राधेश्यामनं गिझरखाली बादली लावली. वडिलांनी बटण बंद केलं.

"मयताला हे पाणी चालत न्हाई. अंगणात चूल पेटव. हे राहू दे, मसणातून आल्यावर आपल्याला होईल."