हात आहे की कानस

गिटारच्या तारा दाबून दाबून नवऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते. महिनाभर वाजवलं नाही तर ते जातात, म्हणून घरी असला की भाजी शिजेपर्यंतही तो गिटार घेऊन ओट्याशी बसायचा. त्याने लाडात येऊन बायकोच्या गालाला हात लावला की ती ओरडायची, "अरे, हात आहे की कानस!"

चार महिन्यांचा दौरा आटोपून तो आज परतला. कुठल्या शहरात लोक उठून नाचले, कुठे तीनदा वन्स मोअर मिळाला, सगळं बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगून झालं. "रोज तुझी आठवण यायची गं," म्हणत त्याने डाव्या हाताने तिचा गाल कुरवाळला.


बोटं लोण्यासारखी मऊ लागली.